गाढवावरची नवरी

लग्न होऊन मी सोनाळ्याहून पिंपळगाव राजाला आले आणि पहिल्याच भुलाबाईच्या सणात माझी फजिती झाली. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणायला आमच्या ओसरीत जमल्या. मीही हौसेने त्यांच्यात जाऊन बसले, तर त्यांनी सुरुवातच केली:

सोनाळ्याची नवरी बाई बसली रुसून,
नथीपायी माघारी गेली गाढवावर बसून.

सगळ्या माझ्याकडे बघून हसायला लागल्या. मग सासूबाईंनी गाण्यामागची हकिकत सांगितली. फार वर्षांपूर्वी सोनाळ्याची एक मुलगी या गावात दिली होती. सासरची नथ हलकी निघाली म्हणून ती वेशीपाशीच बैलांच्या दमणीतून उतरली आणि कुंभाराच्या गाढवावर बसून माहेरच्या वाटेला लागली. नवऱ्याने मागे जाऊन, नवी नथ कबूल करून, तिला परत आणलं. आता गावातली गाढवं बांधून ठेवायला सांगितली आहेत, असंही सासूबाईंनी मला हसत हसत ऐकवलं.

ती नवरी म्हणजे माझी सख्खी आत्या. तिचं सासर इथेच, पिंपळगावात. पण तिचे यजमान, त्यांना आम्ही मामाजी म्हणत असू, बुलढाण्याच्या कचेरीत नागपूरहून आलेल्या हुकमांच्या नकला करत, आणि दोघं तिकडेच राहत. त्यामुळे इकडे गाणं मोकाट सुटलं होतं.

दिवाळीत आत्या माहेरी भेटली. मी तिला गाणं म्हणून दाखवलं. शेंगा सोलता सोलता ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने खरं काय ते सांगितलं. पिंपळगावाजवळच्या नाल्यात दमणीचं चाक निखळलं आणि आत्या शालूसकट चिखलात पडली. पाय मुरगळला. बाकीचं वऱ्हाड कधीच पुढे गेलेलं. तेवढ्यात एक कुंभार रिकामं गाढव घेऊन आला. मामाजींनी आत्याला त्यावर बसवलं. गाढव चार पावलांवर अडून बसायचं, म्हणून त्याचा कान धरून त्यांनी त्याला गावापर्यंत ओढत नेलं. म्हणजे नवरी माघारी गेलीच नव्हती, सासरीच आली होती! आणि नथ म्हणाल, तर अजूनही तीच तिच्या नाकात होती.

मी पिंपळगावला परतले ती घरोघर हे सांगतच सुटले. कोणी ऐकेना. पोरी म्हणाल्या, सासरीच आली तर मग रुसली कशाला? सासूबाई म्हणाल्या, माहेरच्या माणसाची बाजू घेणारच तू. मी म्हटलं, थांबा, आत्यालाच येऊ द्या.

वैशाखात आत्याच्या पुतणीचं लग्न निघालं आणि ती दोघं आली. हळदीच्या दिवशी बायकांनी आत्याला गराडा घालून विचारलंच. मी ऐटीत शेजारी उभी. आत्याने नथ जरा नीट केली आणि शांतपणे म्हणाली, "हाव, रुसली होती मी. नथच तशी होती, गव्हाच्या दान्याएवढी."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मला तोंड कुठे लपवावं कळेना.

नंतर परसात मी तिला गाठलं आणि खोटं काऊन बोलली म्हणून विचारलं. ती म्हणाली, "अवं, खऱ्या गोष्टीत मी चिखलात पडली. गाण्यात तं नथ मागून राह्यली. तूच सांग, कोनती बरी?"

मामाजी जवळच बाजेवर चहा पीत बसले होते. एरवी फार न बोलणारा हा माणूस बशी खाली ठेवून म्हणाला, "आन मी कुठी राह्यलो त्या गाण्यात? गाढवाचा कान तं म्या धरला होता."

ते मला लागलं. पुढच्या भुलाबाईला मी त्यांच्यासाठी एक ओळ रचली आणि पोरींना शिकवली: 'नवरदेवानं ओढत आणलं कान धरून'. पोरींना ओळ भलतीच आवडली. पण नवरीच्या गाण्यात 'आणलं' त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी 'आणली' केलं. कोजागिरी येईपर्यंत साऱ्या गावाला पक्कं ठाऊक झालं होतं की रुसलेल्या बायकोला मामाजींनी सोनाळ्याहून कान धरून ओढत आणलं. कचेरीतल्या कारकुनात एवढी धमक असेल असं वाटलं नव्हतं, असं सासूबाई जो भेटेल त्याला सांगत होत्या.

बुलढाण्याला मी हे कळू दिलं नाही.