देझिरेची एकोणीस चित्रं

क्लोविस वाशो उत्तर फ्रान्समधल्या आमच्या कोळशाच्या खाणवस्तीत जन्मला आणि मधली नऊ वर्षं सोडली तर इथंच जगला. त्याचे वडील देझिरे सात नंबरच्या खाणीत दगड फोडायचे, माझेही तिथंच. मी पुढे खाणीच्या सुतारकामावर लागलो. क्लोविसच्या कॅनव्हासच्या चौकटी शेवटपर्यंत मीच केल्या, म्हणून त्याच्याबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे असं मी समजतो.

चौदाव्या वर्षी तो कोळसा निवडायला लागला. लिलच्या संध्याकाळच्या वर्गात चित्रकला शिकला आणि एकोणपन्नास साली पॅरिसला गेला. तिथं तेव्हा चित्रात माणूस काढणं मागासपणाचं मानत. सगळीकडे डाग आणि पट्टे. हा आपला खुर्ची, पेला, मांडीवर हात ठेवून बसलेली बाई काढायचा. "वाशो, कॅमेरा निघून शंभर वर्षं झाली, तुझ्या गावात बातमी पोचली नाही का?" असं लोक त्याला तोंडावर म्हणत. तो म्हणायचा, "मला माणसं अजून नीट दिसलेली नाहीत. दिसली की काढीन पट्टे." मादाम ओब्रियों नावाची एक चित्रदालनवाली तेवढी त्याच्या पाठीशी होती. ती वर्षाला त्याची दोन-तीन चित्रं लावायची.

अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात त्याच्या आईचं, झेलीकाकूंचं, दोन ओळींचं पत्र गेलं. वडिलांना जिना चढवत नाही, एवढंच. तो आला, तो परत गेला नाही.

देझिरेच्या फुप्फुसात दगडाची धूळ बसली होती. खाट खाली स्वयंपाकघरात आणली होती. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून तो तीन उशांना टेकून बसूनच झोपायचा. सकाळी काकू शेगडीवर चिकोरीची कॉफी ठेवायच्या आणि क्लोविस खिडकीपाशी फळी घेऊन बसायचा.

"काय बघतोस रे एवढं?" देझिरेनं एकदा विचारलं. मी तिथंच होतो.

"तुम्हाला, बाबा."

"एवढी वर्षं खाली अंधारात होतो, कुणी बघितलं नाही. बघ आता." मग दम खाऊन म्हणाला, "नाक तेवढं लहान कर. ते माझ्या बापाचं आहे, त्याचं त्याला परत दे."

तीन हिवाळ्यांत एकोणीस कॅनव्हास झाले. शेवटच्या चित्रात तोंड वासलेलं आहे, बनियनमधून गळ्याची हाडं वर आली आहेत, कपाळावर जखमांत कोळसा राहून पडलेले निळे व्रण आहेत आणि एका हातानं टेबलाची कड घट्ट धरलेली आहे. मी खूप मरणं पाहिली, पण त्या हाताकडे मला फार वेळ बघवत नाही.

एकसष्टच्या मार्चमध्ये देझिरे गेला. खाणीच्या डॉक्टरनं मृत्यूच्या कागदावर लिहिलं, 'हृदय दुर्बळ'. धूळ लिहिली असती तर खाणीला भरपाई द्यावी लागली असती.

मादाम ओब्रियों पॅरिसहून आल्या. चित्रं माझ्या सुतारखान्यात ठेवली होती. त्या तासभर उभ्याच होत्या. म्हणाल्या, "वाशो, तुम्ही आजवर जे काढलंत ती या चित्रांची तयारी होती." ऑक्टोबरात प्रदर्शन ठरलं. क्लोविसनं आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकू आल्या आणि पुढ्यात होतं ते शेवटचंच चित्र त्यांनी पाहिलं.

"हे पॅरिसच्या लोकांना दाखवणार?"

"हो, आई."

"तुझा बाप दर रविवारी कडक कॉलर लावून कबुतरांच्या शर्यतीला जायचा. बनियनवर असताना त्यानं पोस्टमनलासुद्धा दार उघडलं नाही. त्याला तू असा परक्यांपुढे टांगणार?"

"मी त्यांची शोभा केलेली नाही, आई."

"तू नाही केलीस. मरणानं केली. पण ते आपल्या घरातलं आहे. मी आहे तोवर नाही."

तो वाद घालत बसला नाही. संध्याकाळी त्यानं मादामना नकाराचं पत्र लिहिलं. मलाच राग आला. म्हटलं, "अरे, काकू चार दिवस बोलणार नाहीत, मग विसरतील. तुझा जन्म जाईल यात."

"रंग माझे आहेत, लेआंद्र," तो म्हणाला. "माणूस तिचा आहे."

मादामनी त्याऐवजी दुसरी चित्रं मागितली. यानं खाणीच्या ढिगाऱ्यांची काही पाठवली. प्रदर्शन कधी झालं ते कुणाला कळलंही नाही, आणि मादामचं पत्र पुन्हा आलं नाही. क्लोविस शाळेत चित्रकलेचा मास्तर झाला. एकोणीस कॅनव्हास चादरीत गुंडाळून मी माझ्या माळ्यावर चढवले. तो काढत राहिला. कांद्याच्या पाती, बादल्या, शाळेच्या खुंटीवरचे ओले कोट. विचारलं तर म्हणायचा, "बरी आहेत. त्याहून जास्त नाहीत." मायलेक एकाच घरात राहिले, एका टेबलावर जेवले, पण त्या चित्रांचं नाव कुणी काढलं नाही. काकूंनी मात्र माझ्या सुतारखान्यात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

चौऱ्याऐंशी साली सात नंबर बंद झाली. पुढच्या वर्षी शेजारची पोलिश विधवा हेलेना नवऱ्याच्या मृत्यूचा जुना कागद घेऊन काकूंकडे आली. तिला वाचता येत होतं, पण तिला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. काकूंनी वाचलं, 'हृदय दुर्बळ'. मग उठून त्यांनी कपाटातून देझिरेचा कागद काढला. तेच शब्द, तेच अक्षर.

"माझा काझिमिएझ तीन वर्षं खोकून गेला," हेलेना म्हणाली. "नात विचारते, आजोबा कशानं गेले? काय दाखवू तिला? हा कागद?"

हे मला हेलेनानंच नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकू काठी टेकत रस्ता ओलांडून आल्या. ऐंशी वर्षांच्या होत्या.

"लेआंद्र, खाली काढ ती."

मी एकोणीसही चित्रं भिंतीला टेकवून लावली. काकू करवतीच्या बाकावर बसल्या. एकेकाकडे बराच वेळ बघत होत्या. सातव्या की आठव्यापाशी म्हणाल्या, "या दिवशी त्यानं सूप मागून घेतलं होतं." शेवटच्यापाशी त्यांना उठायला मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, "त्याला सांग, लाव म्हणावं. पण आधी इथं, आपल्या लोकांत."

नगरपालिकेच्या सभागृहात चित्रं लागली. म्हातारे खाणकामगार टोप्या हातात घेऊन फिरत होते, आणि त्या शांततेत कित्येकांच्या छातीची घरघर ऐकू येत होती. 'सुंदर' असं कुणी म्हणालं नाही. एकानं क्लोविसचा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. हेलेना नातीला घेऊन आली होती. तिनं तिला एका चित्रासमोर उभं केलं आणि म्हणाली, "हे आपले आजोबा नव्हेत. पण असंच होतं."

पॅरिसचं बोलावणं आलं नाही. मादाम ओब्रियों केव्हाच वारल्या होत्या. एका लहान संग्रहालयानं पाच चित्रं नेली. मी क्लोविसला एकदा विचारलं, "चोवीस वर्षं फुकट गेली असं वाटतं का रे?"

"वाटतं ना," तो म्हणाला. "पण तिला डावलून लावली असती तर मलाच त्यांच्याकडे बघवलं नसतं."

त्यानंतर वस्तीतल्या विधवा आपण होऊन यायला लागल्या. "मास्तर, माझंही काढा." साठीच्या घरात तो चित्र टेकवायची घोडी खांद्यावर टाकून एकेकीच्या स्वयंपाकघरात जायला लागला. अकरा जणी झाल्या, चौथी त्याची आई. त्या एकोणीस चित्रांनंतर हरवलेलं काहीतरी या चित्रांत त्याला पुन्हा सापडलं होतं, हे मला सुताराला कळतं.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत तो गेला. अकरावं चित्र लेओकादीचं. चेहरा पूर्ण आहे, हात नुसते कोळशानं आखलेले. तिची मुलगी मला म्हणाली, कुणाकडून भरून घेऊ या का? लेओकादी म्हणाली, नको. मी चौकट करून नेली तर तिनं चुलीवरची भिंत दाखवली.

"वाफेनं रंग खराब होईल, बाई," मी म्हटलं.

"मी रोज इथंच असते," ती म्हणाली. "मास्तरांनी मला इथंच पाहिलं."

मी खिळा ठोकून दिला.