थान मिस्त्रींनी नापास केलेलं ड्रिल

थान मिस्त्रींच्या तोंडून एखाद्या हत्याराची स्तुती ऐकलेला माणूस लोउदी शहरात शोधूनही सापडला नसता. अडतीस वर्षं विटा रचल्या, गालात कायम सुपारी, आणि जिभेला हाड म्हणून नाही. कुणी नवं यंत्र आणलं की आधी मिस्त्रींना दाखवायचं, असा आजूबाजूच्या चार गल्ल्यांचा रिवाजच होता. मिस्त्री ते हातात तोलत, एक भोक पाडत आणि म्हणत, "भंगारात घाला." हत्यारांच्या दुकानदारानं तर एकदा हातच जोडले, "उस्ताद, उभं राहायचं तर पलीकडच्या दुकानासमोर राहा हो!"

अशा माणसाच्या जावयानं, लेईनं, नव्या फ्लॅटसाठी बॅटरीवर चालणारं हॅमर ड्रिल मागवलं. तेही मिळेल त्यातलं सगळ्यात स्वस्त! काम एकच होतं, न्हाणीघराच्या भिंतीवर साठ लिटरचा गिझर टांगायचं. फ्लॅट घेताना दोन्हीकडच्या घरांची पुंजी धुऊन निघाली होती, त्यामुळे कारागीर म्हणून सासऱ्यांनाच बोलावलं होतं.

"बाबा, काँक्रीटसुद्धा फोडतं. खोक्यावर लिहिलंय."

"लिहायला काय जातंय? खोकं काही नाही म्हणत नाही."

मिस्त्रींनी आधी बाल्कनीच्या काँक्रीटवर लावून पाहिलं. ड्रिल बोटाच्या पेरभर आत गेलं आणि मग जागच्या जागी नुसतंच बोंबलत राहिलं. मूठ तापली. "बघ तुझं काँक्रीट," म्हणून ते न्हाणीघरात शिरले. तिथे टोक टेकवलं, खटका दाबला, आणि ड्रिल सुर्रकन मुठीपर्यंत आत.

"बघितलंत?" लेई ओरडला. "विटांना तर वाघ आहे वाघ!"

मिस्त्रींनी वीतभर बाजूला दुसरं भोक पाडलं. तेही तसंच. खाली पडलेली भुकटी त्यांनी चिमटीत धरून चोळली. नुसती वाळू! सिमेंट नावालासुद्धा नाही आणि विटा अर्ध्या कच्च्या. जन्मभर परक्यांच्या भिंती ओळंब्यात उभ्या केल्या आणि पोटच्या लेकीच्या नशिबी ही भिंत! पाण्यानं भरलेला गिझर इथे टांगला तर आज ना उद्या कुणाच्या तरी डोक्यावर येणार. बरं, खरं सांगावं तर पैसे भरून झालेले, घर परत कोण घेतो? कालच दारावर नव्या घराचा शुभशकुनाचा लाल कागद चिकटवून झाला होता. लेक यानफेन स्वयंपाकघरात मिरच्या परतत होती, आणि परतता परतता गुणगुणत होती.

लेई निकाल ऐकायला आल्यासारखा दारात उभा होता.

"भंगार," मिस्त्री म्हणाले.

"अहो बाबा, लोण्यात गेल्यासारखं गेलं की!"

"तेच तर! भोक ढिलं करतंय मेलं. स्क्रू धरणार कशाला? परत पाठव. आणि ऐक, या भिंतींना पुन्हा भोक पाडायचं नाही. याच्यानं नाही आणि दुसऱ्या कशानंही नाही. गिझरला मी खालून विटांचा ओटा बांधून देतो."

"तुम्हाला देवानं घडवलेलं ड्रिलसुद्धा पसंत पडायचं नाही," लेई पुटपुटला. खोकं गुंडाळता गुंडाळता त्यानं मोबाइलवर कंपनीला पाचांपैकी एकच चांदणी दिली आणि खाली लिहिलं, 'भोक ढिलं पडतं.' बिचारं ड्रिल! जन्मात पहिल्यांदाच मिस्त्रींना एका हत्याराची दया आली.

लेई खोकं घेऊन खाली गेला. यानफेन फडकं घेऊन फरशी पुसायला आली. लहानपणी बापाच्या कामावरच्या वाळूच्या ढिगात खेळून मोठी झालेली पोर ती. पुसता पुसता तिचा हात थांबला. तिनं भुकटी बोटांत घेऊन चोळली, भिंतीतल्या दोन भोकांकडे पाहिलं, मग बापाकडे. मिस्त्रींनी घाईघाईनं मान वळवली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ओटा चांगला रुंद बांधा. आणि भिंतीला टेकवू नका."