कोंबुचाची साय

पहिल्यांदा कोंबुचा, म्हणजे चहा आंबवून केलेलं पेय, करताना काय अपेक्षा ठेवावी, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, बरणीकडून हवी तेवढी ठेवा, स्वतःकडून ठेवू नका.

बरणी माझ्या मुलीची. ती खोपोलीजवळ एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि तिथेच खोली घेऊन राहते. कर्जतहून खोपोली काही परमुलूख नाही, पण ती खोली माझ्यामुळे घेतली गेली. वर्षभरापूर्वी कुणीतरी तिच्या साहेबांना फोन करून सांगितलं, की आमच्या मुलीला रात्रपाळी देऊ नका, तिला सर्दी लवकर होते. दुसऱ्या दिवशी अख्खी प्रयोगशाळा तिला वाफ घे म्हणून सांगत होती. तो फोन मी केला होता. तिने विचारलं तेव्हा मात्र मी म्हणाले, "तुझ्या बाबांनी केला असेल." बाबा पेपर वाचत होते, ते वाचतच राहिले. त्यानंतर तिचा फोन यायचा तो फक्त रविवारी आणि बाबांच्या मोबाइलवर.

म्हणून एप्रिलमधल्या एका बुधवारी सुट्टी काढून ती बरणी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मी दारातून बाजूला व्हायचंही विसरले. "माझ्या खोलीवर पत्रा आहे, फार तापतं. दहा दिवस तुझ्याकडे ठेवशील?" तिने म्हैस ठेवायला आणली असती तरी मी हो म्हटलं असतं.

चहा तिनेच केला, बिनदुधाचा आणि भरपूर साखरेचा. मी शेजारी उभी राहून दोनदा आल्याचं विचारलं आणि एकदा दुधाचं. चहा पार गार झाल्यावर तिने त्यात घावनासारखी दिसणारी एक गिळगिळीत चकती सोडली, वर ती चकती ज्यात भिजत होती तेच थोडं आंबट पाणी ओतलं आणि तोंडाला सुती फडकं बांधलं. "आता काहीच करायचं नाही," ती म्हणाली. "हलवायचं नाही. वर काहीही दिसलं तरी हात लावायचा नाही. जमेल?"

"न जमायला काय झालं?" मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला, तोही माझा. "काय दिसतंय?" मी सांगितलं, चकती तळाला गेली आहे. चालतं म्हणाली. ती बुडू नये म्हणून मी झाऱ्याने दोनदा वर काढली होती, ते सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी आत तपकिरी तंतू लोंबायला लागले. पळसदरीहून येणारा दूधवाला फडक्याखाली वाकून बघून म्हणाला, "मावशी, नासलं हाय गं ते. वतून दे." मी त्याला प्रयोगशाळेच्या थाटात समजावलं, की ते तसंच असतं. रोज संध्याकाळी फोन येत होता, रोज मी बुडबुडे आणि वास यांचा अहवाल देत होते, आणि मध्येच ती जेवण काय केलं तेही सांगायची. मला त्या आंबट पाण्याची माया लागली.

घोटाळा माझ्या हाताने केला. आमच्याकडे येतं ते म्हशीचं दूध. रोज सकाळी चहाच्या आधी, डोळे नीट उघडायच्याही आधी, मी पातेल्यावरची साय झाऱ्याने काढून तुपासाठी डब्यात टाकते. चाळीस वर्षं काढते आहे. पातेल्याशेजारी बरणी होती. पाचव्या सकाळी तिच्यात काय चाललंय म्हणून फडकं सोडलं, तर वर पातळ, पांढरट काहीतरी धरलेलं. झारा हातातच होता. ते सायीच्या डब्यात पडल्यावर मला जाग आली. मग मीच माझी समजूत घातली, की बुरशीच असणार, बरं झालं काढली. पुढच्या दोन्ही सकाळी जे काही धरलं होतं ते काढून कढीपत्त्याच्या कुंडीत टाकलं.

सातव्या संध्याकाळी मुलीने विचारलं, "वर नवीन थर आला का गं? तोच मला हवाय. त्याच्यावर पुढची बरणी लावायची."

"नाही अजून," मी म्हणाले. बाबांनी पेपर खाली करून माझ्याकडे पाहिलं.

शनिवारी ती आली. बरणी उजेडात धरून फिरवून बघितली. वर चार ठिपके होते. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "चहा गरम असताना चकती टाकली असेन मी. मेली बिचारी. तू एवढी सांभाळलीस उगाच." तिचा चेहरा इतका उतरला, की मला माझाच राग आला. 'असेल बाई' एवढं म्हटलं असतं तर मी सुटले असते. जीभ तयारच होती.

"थर आला होता," मी म्हणाले. "तीन वेळा आला. मी साय समजून काढला."

तिने बरणी ओट्यावर ठेवली. मग विचारलं, "कुठे टाकलास?"

"पहिला सायीच्या डब्यात. लोणी चांगलं आलं."

ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. "आणि साहेबांना फोन?"

"तोही मीच केला होता. चुकले मी. तू गेल्यापासून रोज वाटतं, सांगावं."

पेपरामागून आवाज आला, "सुटलो एकदाचा."

मग मात्र ती हसली, आणि मला रडू आलं. तिने दोन पेले भरले. कोंबुचा छान लागला, आंबट, थोडा गोड, जिभेला किंचित चावरा. चकती काही मेली नव्हती, माझ्या हाताखालीही तगली होती. संध्याकाळी तिने नवा चहा केला, गार केला, तीच चकती त्यात सोडली आणि फडकं बांधून बरणी पुन्हा माझ्याच ओट्यावर ठेवली.

"दहा दिवस," ती म्हणाली. रोज फोन करीन म्हणाली, आणि जाताना झारा आपल्या पिशवीत टाकून खोपोलीला घेऊन गेली.