जोतीरामचा सांगावा

काळ गेला की माणूस विसरतो, असं म्हणतात. कऱ्हाटीच्या म्हाळसाच्या बाबतीत ते खरं झालं नाही. बापूसाहेबांचं एक वाक्य तिनं वर्षानुवर्षं जिभेखाली खड्यासारखं धरून ठेवलं होतं. गिळलंही नाही आणि थुंकलंही नाही.

वाक्य तिच्या बापाबद्दल होतं. जोतीराम त्याचं नाव. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. पोरगी शाळेत टिकावी म्हणून जोतीरामनं कळप धाकट्या भावाच्या, बिरूच्या हवाली केला आणि स्वतः दुसऱ्यांच्या उसाला पाणी द्यायला लागला. बिरू दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, तो ज्येष्ठाच्या तोंडावर परतायचा. मधल्या महिन्यांत त्याचा ठावठिकाणा नसे. पण लोकांनी त्यावरही वाट काढली होती. पोलादपूरच्या बाजारात बारामतीकडचा एक किराणा दुकानदार होता. बारामतीहून निघणाऱ्या साप्ताहिक ‘नीरातरंग’चा अंक एसटीनं त्याच्याकडं जायचा, आणि बाजाराला आलेल्या मेंढपाळांना तो गावाकडच्या मयतीच्या जाहिराती मोठ्यानं वाचून दाखवायचा. आपलं नाव-गाव ऐकलं की माणूस मेंढरं सोबत्यावर टाकून मिळेल त्या गाडीनं दहाव्याला पोचायचा.

म्हाळसा त्याच ‘नीरातरंग’मध्ये कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायची. पंच्याण्णव सालच्या पौषात विहिरीच्या मोटारीचा शॉक लागून जोतीराम गेला. तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर, ती ऑफिसात आली आणि बापाची जाहिरात तिनं स्वतःच्या हातानं जुळवली. काळी चौकट, कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापलेला चेहरा आणि खाली दहाव्याची तारीख. दुसऱ्या दिवशी गुरुवार, अंकाचा वार. अंक आला, तेव्हा त्या चौकटीच्या जागी एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. शुभेच्छुकांचे फोटो दाटीवाटीनं बसवलेले.

संपादक बापूसाहेब चहात बिस्कीट बुडवत होते.

“बापूसाहेब, आमची जाहिरात?”

“अगं, ऐन वेळी वाढदिवस आला. जागा नव्हती.” बिस्कीट तुटून चहात पडलं, ते त्यांनी चमच्यानं काढलं. “पुढच्या अंकात घेऊ की. मेलेला मानूस थांबतो गं. वाढदिवस थांबत न्हाय.”

पुढचा गुरुवार म्हणजे अकरावा दिवस. दहाव्याला कऱ्हेच्या काठावर पिंड ठेवला आणि मागं सरायच्या आत कावळा शिवला. कशात जीव अडकला नव्हता माणसाचा. बनाबाई, म्हाळसाची आई, रिकाम्या वाटेकडं बघत एवढंच बोलली, “कावळा आला, भाऊ न्हाय आला.”

बिरू आला तो ज्येष्ठात. भावासाठी नवी घोंगडी आणली होती. वस्तीच्या वळणावरूनच ओरडत आला, “दादा, भाईर ये, बघ तरी कसली हाय!” रिकाम्या कपाळानं बनाबाई बाहेर आली. ती घोंगडी मग कुणी अंगावर घेतली नाही. घडी करून खुंटीला टांगली ती तशीच.

म्हाळसानं नोकरी सोडली नाही. लोकांना वाटलं, गरज आहे. गरज होतीच, पण ती पगाराची नव्हती. बापूसाहेबांचा जीव कशात आहे हे तिला शिकून घ्यायचं होतं. ‘नीरातरंग’ बातम्यांवर जगत नाही, जाहिरातींवर जगतो, हे तिला वर्षभरात कळलं. कुठला सराफ कुणाच्या फोटोशेजारी बसायला राजी नसतो, कुठलं मंगल कार्यालय तिथी निघाल्या की हात सैल सोडतं, कुणाला वरचा कोपरा लागतो, हे सगळं ती मुकाट्यानं डोक्यात साठवत गेली.

आणखी एक गोष्ट तिनं साठवली. कऱ्हा-नीरेच्या काठावर कुणाचाही दहावा असला तरी माईक सावळारामकडं असायचा. आवाज भरदार, पण कागदावर असेल ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची त्याची रीत. एकदा श्रद्धांजलीचा मजकूर वाचता वाचता त्यानं खालचा छापखान्याचा पत्ताही त्याच कातर सुरात वाचला होता, आणि लोकांनी त्यालाही हात जोडले होते. ऑफिसात त्यावर किती दिवस हसू चाललं होतं. म्हाळसाही हसली होती. पण विसरली नव्हती.

मग ‘नीरातरंग’ सोडून तिनं बारामतीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला सुरुवात केली. नव्व्याण्णव साल उजाडलं होतं. क्लासात इंटरनेट आलं होतं, म्हणजे पुण्याचा नंबर फिरवायचा, मोडेमची किरकिर ऐकायची, आणि लाईन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. म्हाळसानं त्यावर स्वतःची वेबसाईट उभी केली. नाव ठेवलं ‘सांगावा’. तिथं मराठी अक्षरं धड उमटत नसत, म्हणून ती मजकूर जुळवून त्याचं चित्र करायची आणि चित्रच चढवायची. माळेगावच्या कारखान्यानं उसाला काय भाव काढला, इंदापूरच्या बाजारात डाळिंब कसं गेलं, कुणाचं लग्न ठरलं, कोण गेलं. पानाच्या तळाशी एक आकडा असायचा. कुणी पान उघडलं की तो एकानं सरकायचा. आधी तो फक्त म्हाळसाच्याच हातानं सरकत होता.

पहिली जाहिरात मागायला ती जळोचीच्या तात्याबाकडं गेली. तात्याबा शेतं घेऊन प्लॉट पाडायचा, आणि ‘नीरातरंग’चं शेवटचं पान वर्षानुवर्षं त्याचंच असायचं.

“हवेतली जाहिरात?” तात्याबा हसला. “अन् बघनार कोन ती? घारी?”

“तात्याबा, प्लॉट घ्यायला रोकडा पैसा कुणाकडं हाय? हितं ऊस घालणाऱ्याकडं, का त्याच्या अमेरिकेतल्या पोराकडं?”

“पोराकडं. त्यात काय इचारायचं?”

“मग पोरगं ‘नीरातरंग’ वाचतंय व्हय?”

तात्याबानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. “लई द्वाड हायस तू. बोल, किती?”

“वरची पट्टी तुमची. अट एकच. बापूसाहेबांकडचं पान सोडायचं.”

“ही कसली अट?”

“माझी हाय. पटत नसंल तर सराफाकडं जाते.”

पटलं. दोन-तीन आठवड्यांत न्यू जर्सीहून एका माळेगावकराची ई-मेल आली, की प्लॉटला नळ आहे का. तात्याबानं ती छापून घेतली आणि फ्रेम करून गणपतीशेजारी टांगली. येईल त्याला दाखवायचा. मग सराफ आला, इंदापूरचं मंगल कार्यालय आलं, डाळिंबाची रोपं विकणारे आले. प्रत्येकाला तीच अट. कुणी कुरकुरलं की म्हाळसा तळाचा आकडा दाखवायची. तो आता रोज धावत होता. क्लासच्या पगाराहून पट्ट्यांचं उत्पन्न मोठं झालं. त्यातून तिनं स्वतःचा कॉम्प्युटर घेतला, स्वतःची फोनलाईन घेतली. मात्र मयतीचे पैसे ‘सांगावा’नं कधी घेतले नाहीत, आणि मयतीच्या पानावर जाहिरातही कधी येऊ दिली नाही.

दर गुरुवारी ती स्टँडवर ‘नीरातरंग’ विकत घ्यायची, वाचण्यासाठी नव्हे, बोटांच्या चिमटीत धरून त्याची जाडी बघण्यासाठी. आठ पानांची चार झाली त्या गुरुवारी तिनं घरी बालुशाही नेली. पुढं अंक पंधरवड्यातून एकदा निघायला लागला.

बनाबाईनं बालुशाही तोंडात घातली नाही. “त्याचं पोट मारून तुझा बाप उठनार हाय का?”

“न्हाय उठणार.”

“मग काय पायजे तुला?”

“दादांचं नाव चार माणसांत निघालं पायजे. बापूसाहेबांच्या दारात. अन् त्यांनी ते उभं राहून ऐकलं पायजे.”

बनाबाईनं खुंटीवरच्या घोंगडीकडं पाहिलं.

असं काही घडायला निमित्त लागतं. ते नको त्या वाटेनं आलं.

एका सकाळी बापूसाहेब क्लासात आले. आत मुलांच्या बाकड्यावर टेकले. दाढी वाढलेली, खांद्यावर पंचा. “म्हाळसा, आई गेली गं.”

म्हाळसाचे हात कीबोर्डवरच थांबले. साखरबाई. म्हातारी दुपारी ऑफिसच्या मागच्या दारानं यायची, पदराखालून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढायची आणि म्हणायची, “खा गं पोरी, त्ये मशीन काय पळून चाललंय?” म्हाळसाला ते आठवलं. डोळ्यांत पाणीही आलं, ते तिनं पुसलं नाही.

“अंक निघायला दहावा उलटून जातोय,” बापूसाहेब सांगत होते. “नातू अमेरिकेत, भाचरं कुठं कुठं पांगलेली. समदी तुझंच बघत्यात म्हनं. दहाव्याच्या आत टाकायला पायजे. दहावा काय कुनासाठी थांबतो का?”

म्हाळसानं त्यांच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. त्यांना काहीच आठवत नव्हतं. तो खडा इतकी वर्षं तिनं एकटीनंच तोंडात धरला होता. तेवढ्यानं तिच्या मनातलं उरलंसुरलं ओलं सुकून गेलं.

“न्हाय थांबत,” ती म्हणाली.

“पैसं किती?”

“मयतीचं घेत न्हाय.”

बापूसाहेब पंचा सावरत उठले. “तिकडून निरोप आलं तर तेबी छापून दहाव्याला घिऊन ये. सावळाराम वाचंल.”

“आणते,” म्हाळसा म्हणाली. “समदं आणते.”

तिनं पान केलं. वर साखरबाई. फोटो नीट उजळून घेतला, चौकटीच्या कोपऱ्यांत तुळशीची पानं काढली. खाली तेवढीच दुसरी चौकट, तशीच पानं. आत लग्नातल्या फोटोतून कापलेला चेहरा आणि मजकूर: ‘कऱ्हाटीचे जोतीराम, मेंढपाळ, पंच्याण्णव सालच्या पौषात वारले. वाढदिवसाच्या जाहिरातीमुळे जागा नसल्याने हा मजकूर त्या वेळी ‘नीरातरंग’मध्ये येऊ शकला नाही. त्यामुळे धाकटा भाऊ दहाव्याला पोचला नाही.’

तात्याबाचा फोन आला. “म्हातारीचं पान समद्या जगातली लोकं उघडत्यात म्हनं. तितं माझी पट्टी लाव की. दुप्पट देतो.”

“मेलेल्या माणसाशेजारी वाढदिवस न्हाय, तात्याबा. अन् प्लॉटबी न्हाय.”

दहावा इंदापूर तालुक्यातल्या बापूसाहेबांच्या गावी, नीरेच्या काठी होता. जीपगाड्यांची रांग लागली होती. पुढं सतरंजीवर पुढारी बसले होते. त्यात तो वाढदिवसवालाही होता, केस आता पांढरे. म्हाळसानं बनाबाईला आणि बिरूला बरोबर आणलं होतं. बिरूनं खुंटीवरची घोंगडी काखेत घेतली होती; का, ते कुणी विचारलं नाही. म्हाळसानं कागद सावळारामच्या हातात दिले आणि मागं बाभळीखाली येऊन उभी राहिली.

सावळारामनं सुरू केलं. साखरबाईंची जाहिरात वाचली, मग परदेशातले निरोप एकेक करून, ठासून. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. बापूसाहेब डोकं भादरून, ओल्या धोतरात पाटावर बसले होते. सावळारामनं पान उलटलं आणि त्याच कातर सुरात पुढं गेला, “कऱ्हाटीचे जोतीराम, मेंढपाळ...”

बापूसाहेबांची मान वर आली.

सावळाराम थांबला नाही. वाढदिवस वाचला, जागा नव्हती तेही वाचलं, भाऊ पोचला नाही तेही वाचलं. भोंग्यातून निघालेला शब्द पाण्यावरून पलीकडच्या काठाला जाऊन आला. पुढच्या सतरंजीवर कुणीतरी कुजबुजलं, “ह्यो जोतीराम कोन?” वाढदिवसवाल्यानं खाली बघितलं. कागद संपल्यावर सावळारामनं रीतीप्रमाणं सांगितलं, “दोघांच्या आत्म्यास शांती लाभो. सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं.”

सगळे उभे राहिले. पुढारी उभे राहिले, सराफ उभा राहिला, तात्याबानं टोपी काढली. बापूसाहेब मात्र बसूनच होते. भटजींनी त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा पाटावरून सावकाश उठले. नजर माणसांवरून फिरत बाभळीपर्यंत आली. म्हाळसानं ती घेतली आणि सोडली नाही. त्या दोन मिनिटांत त्यांना सगळं आठवलं, चहातलं बिस्कीटसुद्धा. त्यांच्या चेहऱ्यावर ते वाचता येत होतं, आणि वाचण्याचंच काम ती आयुष्यभर करत आली होती.

बिरूनं घोंगडीची घडी मोडली आणि बनाबाईच्या खांद्यावर टाकली. पिंडावर कावळा केव्हा शिवला, ते मागच्या माणसांना दिसलं नाही.

पुढच्या आठवड्यात क्लासात फोन वाजला. बापूसाहेबांचा आवाज खाली बसलेला होता. “म्हाळसा, झालं तुझ्या मनासारखं. समद्या गावानं ऐकलं. आता आईच्या खालनं तेवढं काढ गं. आमचा राजवर्धन अमेरिकेतनं रोज इचारतोय, आज्जीच्या खाली ह्ये कोन म्हनून. नातू हाय, काय सांगू त्याला?”

“जे झालं ते सांगा.”

“आगं, किती दिवस ठेवनार?”

म्हाळसानं पडद्याकडं पाहिलं. दोन चौकटी एकाखाली एक होत्या, आजूबाजूला कुठलीही पट्टी नाही. त्यांच्याखाली पान पांढरंशुभ्र, ओढावं तितकं लांब. तळाचा आकडा तिच्या डोळ्यांदेखत एकानं सरकला.

“राहू द्या की, बापूसाहेब,” ती म्हणाली. “हितं जागा हाय.”