उजवीकडचं बटण

सेलूच्या भुजंगरावांनी उभी हयात रोलच्या कॅमेऱ्यानं लग्नं टिपली. मोबाइल आल्यावर धंदा बसला, तरी हौसेपायी ते रोल भरायचेच. यंदा उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला. बोलणं सावरलं, पण उजवा हात लुळाच राहिला.

एके सकाळी त्यांनी बायकोला, सविताबाईंना, दोन्ही कॅमेरे काढायला लावले. पहिल्याची शटरच्या वेगाची चकती वर, उजव्या अंगाला होती. डावा हात तिथं नेला की कॅमेरा मांडीवर कलंडायचा. दुसऱ्याचा वेग मात्र लेन्सभोवतीच्या कड्यावर होता. वेग, उजेड, फोकस, सगळं डाव्या बोटांनी सरसर जुळलं. त्यांचा चेहरा खुलला.

"सविता, दारात उभी राहा बरं."

त्या पदर सावरून उभ्या राहिल्या. भुजंगरावांनी बोट ताणून बघितलं, कॅमेरा हनुवटीला टेकवून बघितला. बोट काही फोटोच्या बटणापर्यंत पोचेना.

"बटण उजवीकडंच हाय गं. रोल फिरवायचा खटका बी."

"मी येऊन दाबू का?"

"मग फोटूत कोण ऱ्हाईल?"

सविताबाई तरी बराच वेळ दारातच उभ्या होत्या. शेवटी भुजंगरावांनी कॅमेरा बाजूला सारला.

"दोन्ही भंगारात दे," म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून पडले.