अकरांतलं एक

बेल दोनदा आणि मग जरा थांबून एकदा वाजली की समोरचा बेनी आलाय हे मला कळायचं. दार उघडावं तर हातातला फोन पुढे धरून उभा. "ताई, जरा बोट लावा." बसणं नाही, बरी आहात का नाही. मी फोन घ्यायचा आणि तो सांगेल ते करायचं. अमुक शोधा, तमुक उघडा, आता मागे या. तो माझ्या तोंडाकडे बघायचाच नाही, त्याची नजर माझ्या बोटावर. बोट अडखळलं की तो ओठ चावायचा. मी म्हणायचे, "अरे, मला नाही जमत हे." त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "तुम्हाला न जमायला काय झालं? बटणच चुकीच्या जागी बसलंय." आणि केलेल्या चहाकडे न बघता फोन घेऊन समोरच्या दारात गडप.

बेनेडिक्ट साळवे हे त्याचं पूर्ण नाव. घराणं मूळ नगरकडचं. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात होते, म्हणून तो वाढला अंबरनाथला. आई गेल्यावर बदलापूरजवळ खरवईच्या आमच्या इमारतीत राहायला आला. चाळिशीचा, एकटा, अंगात कायम एकाच रंगाचे शर्ट. नोकरी कुणाची करत नव्हता. घरात बसून मोबाइलची अ‍ॅप आणि कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम एकट्याने बनवायचा. पोट चालायचं ते उल्हासनगरच्या दुकानदारांवर. कुणाला कापडाच्या गठ्ठ्यांची यादी हवी असायची, कुणाला जीन्स शिवणाऱ्या कारागिरांची हजेरी. एक सिंधी शेठ त्याला दर आठवड्याला फोन करून सांगायचा, "साईं, अक्षर थोड़ा बड़ा करो, मेरी आँख छोटी है." हा इमानदारीत अक्षर मोठं करून द्यायचा.

जीव मात्र त्याचा चर्चच्या अ‍ॅपमध्ये होता. रोजच्या मिस्साची, म्हणजे उपासनेची वाचनं, रोझरीची जपमाळ, संतांचे सण, सगळं मराठीत आणि फुकट. जाहिराती का घेत नाहीस, असं मी एकदा विचारलं. "माणूस डोळे मिटून बसलाय, ताई. त्याला मध्येच साबण कसा दाखवू?"

मी उल्हासनगरच्या एका छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली. निवृत्त झाले तरी हाताची खाज जात नव्हती, ती बेनीच्या मराठीवर भागायची. आमच्या हॉलमध्ये बुद्धमूर्ती, त्याच्या हॉलमध्ये क्रूस, आणि मधल्या पॅसेजमध्ये उभं राहून आम्ही भांडायचो ते एखाद्या लांबड्या वाक्यावरून. मी वाक्य कापलं की तो दुखावल्यासारखा बघायचा आणि दुसऱ्या दिवशी कापलेलंच वापरायचा.

त्याने 'तयारी' नावाचं अ‍ॅप केलं तेव्हा मी जरा चरकलेच होते. त्यांच्यात फादरांपुढे बसून आपली पापं सांगायची असतात. ऐन वेळी माणसाला काही आठवत नाही, किंवा आठवलं तरी तोंडातून निघत नाही. म्हणून आधी घरी शांतपणे लिहून काढायचं, वाचायचं, मग जाऊन सांगायचं आणि आल्यावर पुसून टाकायचं. त्यासाठी हे अ‍ॅप. पहिल्याच पडद्यावर एक वाक्य हवं होतं. त्याने चार ओळींचं काहीतरी लिहून आणलं होतं. मी ते फेकून दिलं आणि लिहिलं, "तुम्ही लिहिलेलं तुमच्या फोनबाहेर जात नाही." तो खूश झाला. ते वाक्य माझं होतं, हे पुढे मला बरेच दिवस टोचत राहिलं.

अ‍ॅपमध्ये एक दोष होता. खूप लिहिलं की ते आपोआप बंद पडायचं. माझ्या जुन्या फोनवर तर हमखास. ते का बंद पडतं हे कळावं म्हणून बेनीने एक सोय केली. बंद पडण्याच्या क्षणी पडद्यावर जे असेल त्याची नक्कल त्याच्याकडे यायची. सोय फक्त माझ्या फोनपुरती होती, आणि मी लिहायचे ते किराणा मालाची यादी. पण अ‍ॅपची नवी आवृत्ती सगळ्यांना पाठवताना ती सोय काढायची राहिली.

मी मेथी निवडत होते. बेल एकदाच वाजली. दारात बेनी, हातात फोन नाही. आत येऊन बसला. तो बसला हे पाहूनच मी ओळखलं, काहीतरी बिघडलंय.

"ताई, लोकांचं माझ्याकडे आलंय."

"काय आलंय?"

"लिहिलेलं. अकरा जणांचं."

लांबलचक लिहिणाऱ्यांचंच अ‍ॅप बंद पडायचं. म्हणजे ज्यांच्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त होतं, नेमकं त्यांचंच याच्याकडे येऊन पडलं होतं. हे काय आलंय ते बघायला म्हणून त्याने पहिलं उघडलं आणि शेवटपर्यंत वाचलं. बाकीच्या दहांना हात लावला नव्हता.

त्या पहिल्यात काय होतं ते त्याने मला सांगितलं. सांगायला नको होतं, पण एकट्याने ते त्याला पेलवेना. कुणा बाईचं होतं. ती ड्यूटीला जाताना म्हाताऱ्या आईला आतल्या खोलीत कोंडून जायची. आईला विसर पडायचा, बाहेर पडली तर घर सापडायचं नाही. आई आतून दार वाजवायची. तो आवाज जिन्यापर्यंत यायचा आणि ही पायऱ्या धाडधाड आपटत उतरायची, तो ऐकू येऊ नये म्हणून. नाव कुठेच नव्हतं. पण कंपनीची बस कुठे आणि किती वाजता धरते ते होतं, आणि तो नाका आमच्याच भागातला होता.

"मग चल," मी म्हणाले. "उद्या सकाळी उभे राहू तिथे. शोधून काढू."

"नाही."

"अरे, एक म्हातारी कोंडलेली आहे! उद्या पडली, आग लागली, तर?"

"ताई, फादर ऐकतात ते मरेपर्यंत बोलत नाहीत. मी तर फादरसुद्धा नाही. मला ऐकायचा हक्कच नव्हता."

"पण आता ऐकलंस ना? की कान धुऊन येणार आहेस?"

 मी मेथीची जुडी तशीच टाकून आत गेले. मला त्याचा मनस्वी राग आला होता, आणि त्याहून जास्त त्या माझ्या वाक्याचा.

दुसऱ्या दिवशी तो अ‍ॅपवर टाकायची सूचना तपासायला घेऊन आला. मी सवयीने सुरुवातीला "तांत्रिक अडचणीमुळे" असं घातलं. त्याने माझ्याच पेनने ते खोडलं. आजवर त्याने माझं खोडलेलं ते एवढंच. "अडचणीने नाही केलं, ताई. मी केलं." सूचना अशी गेली : "तुम्ही लिहिलेलं बाहेर जात नाही असं मी सांगितलं होतं. ते खरं राहिलं नाही. माझ्या चुकीमुळे अकरा जणांचं लिखाण माझ्याकडे आलं. त्यातलं एक मी वाचलं. बाकीचं न वाचता पुसलं. अ‍ॅप बंद करत आहे. मला क्षमा करा." खाली पूर्ण नाव.

'एक वाचलं' हे गाळ, म्हणून मी हातापाया पडले. अकराही जणांना वाटेल की आपलंच वाचलं. तो म्हणाला, "वाटू दे. त्यातल्या एकीच्या बाबतीत तरी ते खरं आहे."

व्हायचं ते झालं. चर्चमधून शांत शब्दांत निरोप आला की त्याने सध्या बाकीची अ‍ॅपही थांबवावीत. रविवारी त्याच्या बाकावर लोक बसेनासे झाले. उल्हासनगरात बातमी पोचली ती फाटे फुटून. अक्षर मोठं करून घेणाऱ्या शेठने विचारलं, "साईं, मेरा कंप्यूटर भी तू घर बैठे देखता है क्या?" आणि काम दुसऱ्याला दिलं. बेनीने कुणाला समजावून सांगितलं नाही. मी चिडले की म्हणायचा, "त्यांचं बरोबर आहे, ताई. मीही काढूनच टाकलं असतं."

मी मात्र गप्प बसले नाही. त्याला न सांगता चार दिवस सकाळी त्या नाक्यावर जाऊन उभी राहिले. डबे घेतलेल्या पंधरा-वीस बाया बसमध्ये चढायच्या. एकीच्या गळ्यात क्रूस दिसला, तिच्याशी बोलायला मी तोंडही उघडलं. मग तिला काय विचारणार हेच कळेना. बस निघून गेली. बेनीला हे कळलं तेव्हा तो पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्यावर ओरडला. "तिने तुम्हाला सांगितलं नव्हतं! मलाही नव्हतं सांगितलं!" आणि तिथेच पॅसेजमध्ये भिंतीला टेकून रडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार होते?

आठवडाभराने आसपासच्या इमारतींच्या नोटीसबोर्डांवर एक कागद लागला. घरात दिवसा एकटं राहणारं वृद्ध माणूस असेल तर सोबतीला येऊन बसू, मोबदला नाही. खाली त्याचं नाव, आणि मला न विचारता माझंही. "नुसत्या पुरुषाला कोण घरात घेईल, ताई?" हे वर ऐकवलं.

पाच घरांतून बोलावणं आलं. त्याची बरीच कामं तशीही गेली होतीच. लॅपटॉप घेऊन तो एकेका घरी जाऊन बसायचा, दोन घरं मी सांभाळायचे. पाचांतलं एखादं तेच का, हे मी दर दोन दिवसांनी विचारायचे. तो दर वेळी दुसरंच काहीतरी बोलायचा. आजींना पेज पातळ लागते, आजोबांना रेडिओ मोठा लागतो.

वर्ष असंच गेलं. मग उरलीसुरली कामंही संपली आणि त्याला पुण्यात नोकरी धरावी लागली. जायच्या दिवशी त्याने आपली तीन घरं मला समजावून दिली. औषधं, वेळा, कुणाला काय आवडतं. एका घराबद्दल म्हणाला, "तिथे माझी खुर्ची आहे, ती हलवू नका."

ते घर कुठल्या गावात होतं हे मी लिहिणार नाही. बदलापूरच्या भोवती नव्या इमारतींना तोटा नाही. त्या घरातल्या आजी आता नाहीत, मुलगीही दूर राहायला गेली, म्हणून एवढं तरी लिहिते आहे.

पहिल्याच दिवशी मी त्या घरी गेले. मुलगी लगबगीने ड्यूटीला निघाली. जाताना आईच्या गालावरून हात फिरवला आणि जिना सावकाश उतरली. आजी पलंगावर बसून टरफलं काढत शेंगा खात होत्या. खुर्ची आतल्या खोलीच्या दाराला खेटून होती, तिथे वारा लागत नव्हता. मी ती ओढून पंख्याखाली घेतली. तेव्हा दाराच्या चौकटीवर, बाहेरच्या बाजूला, स्क्रूची चार भोकं दिसली. कडी कधीच काढून टाकलेली होती. भोकांभोवती रंगाचा नवा पट्टा ओढला होता, तरी ती दिसत होती.

वर्षभर बेनी पाठ टेकून तिथे बसला होता. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाच ती भोकं दिसली नव्हती.

बेनीला विचारायला फोन हातात घेतला होता, तो पर्समध्ये टाकला. मग खुर्ची उचलून पुन्हा होती तिथे ठेवली आणि चौकटीला पाठ लावून बसले.