डाळिंबी लुगड्यातली राणी

माझ्या चुलत सासऱ्यांइतकं लुगड्यातलं कळणारी बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही, आणि ते पुरुष होते ही अडचण ध्यानात घेऊनच मी हे म्हणते आहे. एरवी ते आमच्यासारखेच वालावलच्या खाडीकाठचे शेतकरी. कमरेला एक पंचा, खांद्यावर दुसरा, आणि सदरा म्हणाल तर कुडाळच्या कचेरीत जायचं झालं की शेजाऱ्याकडून मागून आणलेला. पण तुळशीचं लग्न लागलं आणि गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या, की हा उघडाबंब गृहस्थ डोक्यावर पेटारा घेऊन दशावतारी मंडळीबरोबर बाहेर पडायचा आणि देवळासमोर राणी होऊन उभा राहायचा. राणी कुठली ते विचारायचं नाही. पुराणात राजा आहे म्हणजे त्याला राणी असणारच, आणि ती आमच्या चुलत सासऱ्यांसारखीच दिसत असणार, अशी पंचक्रोशीची समजूत होती.

स्वतःच्या अंगावर कपड्याचा पत्ता नाही, पण दुसऱ्याच्या कपड्यांची या माणसाला अतोनात पंचाईत. भातात उतरणारीचा काष्टा वेगळा, होडीत चढणारीचा वेगळा आणि देवळात नुसती बसून राहणारीचा त्याहून वेगळा, हे त्यांचं शास्त्र. खाडीच्या तरीवर होडीची वाट बघत बसलो की समोरून येणाऱ्या बाईचं सासर, माहेर आणि घरची हालहवाल ते तोंडातलं पान न थुंकता सांगत. "माहेर खारेपाटणाकडचा, दिली हा वेंगुर्ल्याक. घोव मुंबैक गिरणीत आसा." बाई जवळ आली की आम्ही काहीतरी निमित्त काढून विचारून घ्यायचो, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे. चुकलं तर त्यांच्या मते बाई खोटं बोलत असे. चाकरमान्यांच्या बायकांना गणपतीला मुंबईहून नवं लुगडं यायचं. वाडीतल्या एकीच्या अंगावर लागोपाठ दोन गणपतींना तेच लुगडं दिसलं, तेव्हा मात्र ते कोणाशी काही बोलले नाहीत. त्या वर्षी कापणी झाल्यावर आमच्या खळ्यातलं भाताचं एक ओझं तिच्या पडवीत जाऊन पडलं, एवढंच मला ठाऊक आहे.

मी गिरगावातून सून म्हणून इथे आले ती पाचवारी नेसून. तिसऱ्या दिवशी लक्ष्मीनारायणाच्या देवळात ओटी भरायला जायचं तर नऊवारीच हवं, असं सासूबाईंनी सांगितलं आणि नेसवूनही दिलं. पडवीच्या तीन पायऱ्या मी उतरले आणि तिसऱ्या पायरीवर अर्धं लुगडं माझ्या पायांत आलं. चुलत सासरे अंगणात उभे होते. नव्या सुनेकडे टक लावून बघायचं नाही असा रिवाज, म्हणून त्यांनी जास्वंदीच्या झाडाकडे तोंड केलं. "ओचो सैल रवलो," ते म्हणाले. "पायाच्या आवाजानच कळला." मग दांडीवर वाळत घातलेलं सासूबाईंचं लुगडं ओढून त्यांनी आपल्या पंचावरच ते नेसून दाखवलं, आरशाशिवाय, बोलता बोलता, आणि निऱ्या अशा काही खोचल्या की मला माझ्या बाईपणाची शरम वाटली. नेसून झाल्यावर अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. मान किंचित तिरकी, नजर लांबवर, पावलागणिक ठुमका. पडवीत चहा पीत बसलेले पुरुष, त्यांत आमचे हेही आले, पेले हातात धरून बघत राहिले. "अशी काय चलतंस गो सूनबाय, पाण्याक गेल्यासारखी?" ते जास्वंदीला म्हणाले. "लुगडा न्हेसल्यार राणीसारखा चलूक होया."

नेमक्या त्याच वेळी त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन अंगणातून निघाल्या होत्या. खाडी खारी, वाडीतल्या विहिरी मचूळ, गोडं पाणी काय ते देवळामागच्या विहिरीला. काकी न थांबता म्हणाल्या, "कोणीतरी पाण्याकय जावक होया."

आता राणीच्या लुगड्याबद्दल सांगायला हवं, कारण ते राणीचं नव्हतं. डाळिंबी रंगाचं, रुईफुली काठांचं ते इरकली लुगडं काकींचं होतं. त्यांचे वडील गलबतावर तांडेल. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी ते मुंबईहून आणलं होतं. लग्नात काकी ते एकदा नेसल्या. पुढच्या जत्रेला नवऱ्याने "एका रातीपुरता" म्हणून मागून घेतलं, आणि ती रात अठरा वर्षं चालली. काकींपाशी दोन जाडीभरडी लुगडी, एक अंगावर आणि एक दांडीवर. जत्रेत त्या बायकांमध्ये बसून आपल्या लुगड्याचं राज्य बघायच्या. वाईट नाही का वाटत, असं मी एकदा विचारलं. "वायट कित्या? बरा दिसता," काकी म्हणाल्या. "माझ्या आंगार कसा दिसता ता मात्र इसारलंय." मला त्या दिवशी चुलत सासऱ्यांचा खराखुरा राग आला, आणि मी तो बरेच दिवस जपून ठेवला.

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, मुहूर्त पहिल्या जत्रेच्या चारच दिवस आधीचा. काकी चुलीपुढून न उठता म्हणाल्या, "चेडवाच्या लग्नात मी माझा लुगडा न्हेसतलंय." संसारात त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट असावी. लुगडं आता विरत चाललं होतं. लग्नघरातला धूर, तेल, रेटारेटी ते सोसेल याची खात्री नव्हती, आणि ते गेलं म्हणजे राणी गेली. मंडळीच्या मालकाने दुसरा गडी हेरून ठेवलेलाच होता. दोन दिवस चुलत सासऱ्यांना नाही म्हणवेना आणि हो म्हणवेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेटारा उघडला, रिठ्याच्या पाण्याने रंगाचे डाग काढले, विरलेल्या जागी बारीक टाके घातले आणि काकींना हुकूम सोडले. चुलीकडे फिरकायचं नाही, कोणाचं पोर कडेवर घ्यायचं नाही, सोलकढी तर मुळीच वाढायची नाही. लग्न मुलीचं आहे की लुगड्याचं, हेच आम्हाला कळेना. लग्नाच्या सकाळी "मी न्हेसवतंय" म्हणत ते खोलीपाशी गेले, तर काकींनी आतून कडी घातली. "तुमी भायर रवा," एवढाच आवाज आला.

काकी बाहेर आल्या तेव्हा मी मांडवात खांबापाशी उभी होते आणि माझ्यापासून दोन हातांवर, उसना सदरा घालून, चुलत सासरे. काकींना राणीसारखं चालता येत नव्हतं. रोज पाण्याला जातात तशाच त्या आल्या. मान सरळ, नजर पुढच्या चार पावलांवर, घाई कसली नाही. ते लुगडं जत्रेत अठरा वर्षं पाहिलेल्या बायका बसल्या जागी सरकल्या आणि मध्ये वाट झाली. "राणी इली," एक म्हातारी सहज म्हणाली. हसलं कोणी नाही. चुलत सासऱ्यांना तोंड फिरवायला तिथे जास्वंद नव्हती. ते बघतच राहिले. बऱ्याच वेळाने, मला की स्वतःला कोण जाणे, म्हणाले, "अठरा वर्सां मी चुकीचाच चलत होतंय गो."

दुपारी पंगतीत काकींनी सोलकढी वाढली. पदरावर तळहाताएवढा डाग पडला. चुलत सासऱ्यांनी तो पाहिला आणि आपली वाटी पुढे केली. चार दिवसांनी जत्रेला जाताना पेटाऱ्यात लुगडं नव्हतं. दुसरं देतो, असं मालक म्हणाला, तर चुलत सासऱ्यांचं एकच, "राणी नको. माका ऋषी करा." ऋषी म्हणून ते साफ पडले. अंबाडीची दाढी लावून शाप द्यायला निघाले की चाल राणीची, आणि लोकांची हसून मुरकुंडी वळायची. दोन वर्षांत त्यांनी पेटारा माळ्यावर टाकला. लुगडं डागासकट काकींच्या ट्रंकेत राहिलं. माझा राग कधी गेला ते मला कळलंच नाही.

त्यानंतर रोज सकाळी काकी हंडा घेऊन निघाल्या की पडवीत बसलेले चुलत सासरे पान लावायचे थांबत आणि त्या वळणाआड जाईपर्यंत बघत राहत. इतकी वर्षं त्या त्याच वाटेने जात होत्या. पुढे आमच्या ह्यांनी डोंगराच्या अंगाला, परसातच विहीर खणून घेतली. सगळ्या घराला आनंद झाला. चुलत सासरे तेवढे पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करून बसले. "मचूळ आसा," ते म्हणाले, आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले, म्हणून त्यांच्यापुरती कळशी काकींना देवळामागच्या विहिरीवरूनच आणावी लागे. मी ते पाणी चाखून पाहिलं होतं. चांगलं गोड होतं.